मामींची मेर

"पाण्याक वायच बसाक दी," असं म्हणून मामींनी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेचा पेला ठेवला. पेल्यात बाहेरच्या गटारातलं पाणी होतं, चहासारखं लाल. माझा चांगला पेला गेला म्हणून मी नाक मुरडलं. मामींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या दारात उकिडव्या बसल्या, टोपलीतल्या लाल माठाच्या दोन जुड्या काढून माझ्यापुढे ठेवल्या, माझ्या मुलीला, मीनूला, दात पडला का म्हणून विचारलं. अर्ध्या तासाने उठून त्यांनी पेला उजेडात धरला. तळाशी बोटभर माती बसली होती आणि वरचं पाणी जवळजवळ नितळ झालं होतं.

"बघा बाई. धावता तेवा पाणी माती घेवन धावता. वायच बसला की माती सोडता. मी वर डोंगरावर ह्याच करतंय."

तेव्हा मला ते एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या खेळासारखं वाटलं होतं.

आमची सोसायटी घाटकोपरच्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी. तीन इमारती, आमचं घर तळमजल्यावर. मागच्या भिंतीपलीकडून डोंगर सुरू होतो आणि डोंगरावर झोपड्या. तुम्ही कधी अशा डोंगराखाली राहिला असाल तर तुम्हाला सांगायला नको. जुलैत जोराचा पाऊस झाला की डोंगराची माती उतरून गटारं बुजवते आणि मग ते पाणी सरळ घरात. आम्ही राहायला आलो त्या पहिल्या दोन पावसाळ्यांत माझ्या कपाटाचा खालचा खण दोनदा चिखलाने भरला होता. मग हळूहळू ते कमी झालं. का कमी झालं हे आम्ही कुणी कुणाला विचारलं नाही. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर आमचे चेअरमन म्हणाले, "समितीने सतत पाठपुरावा केल्यामुळे गटारं साफ राहू लागली आहेत," आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

मामी त्या डोंगरावर राहायच्या; सगळी सोसायटी त्यांना मामीच म्हणायची. पन्नाशीच्या पुढच्या, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. त्यांचे यजमान, मामा, गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर, होते. संप लांबला, गिरणीचं दार काही पुन्हा उघडलं नाही, आणि ते घरी बसले. साच्यांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते, त्यामुळे ते शेजारी बसलेल्या माणसाशीही डोंगराच्या त्या टोकाला ऐकू जाईल असे बोलत. मामी मात्र हळू बोलायच्या. "तेंका ऐकाक येत नाय, ता बरा असा," असं म्हणून हसायच्या.

त्यांच्या खोलीच्या बाजूने एक घळ उतरत होती. पावसाळ्यात तिचा ओढा व्हायचा. मामी त्याला व्हाळ म्हणायच्या. लग्न होऊन मुंबईला यायच्या आधी त्या गावी वडिलांबरोबर डोंगरउताराच्या भातखाचरांना मेरा घालायच्या. मेर म्हणजे मातीचा छोटा बांध. मामा घरी बसले त्या उन्हाळ्यात मामींनी त्यांना उठवलं आणि दोघांनी मिळून त्या घळीत मेर घालायला घेतली. एकीच्या तीन झाल्या.

मला त्यांनी एकदा आग्रहाने वर नेलं. दिवाळीची सुट्टी होती. मीनूला कडेवर घेऊन मी धापा टाकत चढले. तीन मेरा होत्या, एकाखाली एक, कमरेइतक्या उंच. तळाला दगड, मध्ये चिकणमाती चोपून चोपून भरलेली, माथ्यावर गवत लावलेलं. प्रत्येक मेरेच्या एका कडेला चपटे दगड बसवून पाण्याला जायला वाट ठेवलेली. सगळ्यांत खालच्या मेरेमागे एक तळं होतं, आमच्या शाळेतल्या वर्गाएवढं. डोंगरावरून धावत आलेलं पाणी तिथे थांबायचं, माती तळाशी बसायची आणि मग पाणी संथपणे खाली जायचं. पाणी आटलं की मामा-मामी तो गाळ खणून काढत. थोडा मेरेच्या डागडुजीला, बाकीच्या गाळावर लाल माठ, मुळा, पडवळ. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांत ती भाजी जायची.

"हयसर पाय ठेवा," मामी म्हणाल्या. मी मेरेवर पाय ठेवला. घट्ट होती. मामी अनवाणी तिच्यावरून चालत गेल्या, चार पावलांवर थांबल्या आणि टाचेने एक जागा दाबून बघितली. "हयसर वायच पोकळ झाला," त्या मामांना ओरडून म्हणाल्या. मामांना ऐकू आलं नाही. मला तर दिसलंही नाही.

तळ्यात बोटभर मासे फिरत होते. मीनूने विचारलं, हे कुठून आले? मामी म्हणाल्या, "मी सोडलंय. नायतर डास होतत."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पुढचं सांगताना मला ते लपवता येत नाही.

पुढच्या श्रावणात मीनूला मलेरिया झाला. सहा वर्षांची पोर. दुपारी दोनच्या सुमारास हुडहुडी भरायची, तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे, मग अंग भट्टीसारखं तापायचं. कडू गोळी मधात घालून दिली तरी ओकून टाकायची. बरी झाली आणि तीन आठवड्यांनी पुन्हा ताप आला. तिचे हात काड्यांसारखे झाले. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली आणि तिच्या उशाशी बसून राहिले. इमारतीत आणखी चौघांना झाला होता.

सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "वर डोंगरावर ते तळं करून ठेवलंय ना, तिथूनच येतात डास." चेअरमननी माझ्याकडे बघितलं. सोसायटीची सगळी पत्रं मीच लिहायची. मी मराठीची शिक्षिका, अक्षर वळणदार, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. त्या रात्री मीनूला झोप लागली नव्हती. सकाळी मी वॉर्ड ऑफिसच्या नावाने अर्ज लिहिला. त्यात मी मेर हा शब्द वापरला नाही, तळं असंही लिहिलं नाही. 'डोंगरउतारावर अनधिकृतपणे साठवलेले डबके' असं लिहिलं. शब्द कसा निवडायचा हे मुलांना शिकवणारी मी. तो मी नीट विचार करून निवडला होता. खाली सोसायटीचा शिक्का आणि चेअरमनची सही.

मामी त्या दिवसांत दर दोन दिवसांनी येत होत्या. कधी पडवळ, कधी गवती चहाची पात. "चेडवाक ह्या उकळून द्या," म्हणायच्या. मीनूच्या कपाळावर हात ठेवून बसायच्या. अर्ज गेल्यावरही येत राहिल्या, आणि मी त्यांच्या हातची भाजी घेत राहिले.

अर्जाचं काही झालं नाही. मीनू बरी झाली, शाळेत जायला लागली, थंडी सरली. मी ते पत्र विसरले म्हटलं तरी चालेल. एप्रिलमध्ये, परीक्षा चालू असताना, एका संध्याकाळी मामी दारात आल्या. हातात टोपली नव्हती. घडी घातलेला एक कागद होता.

"ह्येच्यात काय लिवलेला असा, वाचा बघू."

नोटीस होती. पंधरा दिवसांत डबकं बुजवावं आणि बांध काढून टाकावा, न केल्यास ऑफिसचे लोक येऊन काढतील. मी वाचून दाखवलं. वाचताना 'डबके' या शब्दापाशी माझा आवाज अडकला. मामींना वाटलं, मला त्यांच्यासाठी वाईट वाटतंय.

"तक्रार कोणी केल्यान?" त्यांनी विचारलं.

"नाव नाही दिलेलं," मी म्हटलं. ते खरंच होतं. नोटिशीत नाव नव्हतं.

"तुमीच एक अर्ज लिवा माका. तुमचा अक्षर बरा असा, सगळी सांगतत."

मी लिहिला. या वेळी सगळं लिहिलं. मेर कशी घातली, गाळ कसा बसतो, खालच्या सोसायट्यांत चिखल येणं कसं थांबलं. लिहिता लिहिता मला पहिल्यांदा कळलं की ते खरोखर तिथेच थांबलं होतं. चेअरमनच्या पाठपुराव्याने नव्हे. आमच्या कपाटाचा खालचा खण तीन पावसाळे कोरडा राहिला होता, आणि मामींच्या मेरांनाही तीनच पावसाळे झाले होते. इतका साधा हिशोब मी कधी केला नव्हता.

मामींनी अर्जावर अंगठा दिला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वॉर्ड ऑफिसात गेलो. टेबलामागचा कारकून तरुण होता, बोलायला गोड. त्याने अर्ज वाचला, फाइल काढली, पानं उलटली आणि थांबला. मग फाइलमधला कागद आणि आमचा कागद त्याने टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"मॅडम," तो हसून म्हणाला, "हँडरायटिंग तर दोन्हींचं सेमच! आता आम्ही करायचं काय, सांगा!"

पलीकडच्या टेबलावरचा माणूसही हसला. मामींना वाचता येत नव्हतं. त्या टेबलावर वाकल्या आणि त्यांनी ते दोन कागद बघितले. एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. बराच वेळ. मग सरळ झाल्या आणि पदर नीट केला.

कारकून म्हणाला, "कम्प्लेंट विथड्रॉ करायची असेल तर तसं लेटर द्या. मग साहेबांना विचारतो. त्याशिवाय आता ऑर्डर थांबत नाही."

त्याने कोरा कागदही पुढे केला. माझ्या पर्समध्ये पेन होतं. दोन ओळी लिहायच्या होत्या. चेअरमनची सही नंतर आणता आली असती. पण त्या दोन ओळी लिहायच्या म्हणजे मामींच्या देखत, ती तक्रार माझी होती हे कबूल करायचं. मी म्हटलं, "उद्या आणून देते."

रस्त्याने आम्ही चालत परत आलो. बाजाराच्या वळणावर मामी थांबल्या. मग म्हणाल्या, "शिकलेल्या माणसांचा अक्षर एकसारखाच असता काय हो बाई?"

"हो," मी म्हटलं. "साधारण सारखंच असतं."

"असात," त्या म्हणाल्या, आणि कोपऱ्यावरून डोंगराकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी मी एकटी जाणार होते. दुसऱ्या दिवशी पेपर तपासायचे होते. त्यानंतरच्या दिवशी चेअरमन गावाला गेले होते, ते येऊ देत म्हटलं. मग शनिवार, रविवार. स्वतःला सांगायला कारणं कमी पडत नाहीत. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मागच्या भिंतीपलीकडून पहारींचा आवाज यायला लागला.

मी वर गेले. सहा-सात मजूर मेरा फोडत होते. मला वाटलं होतं, मामी रडत असतील किंवा भांडत असतील. त्या कळशी घेऊन मजुरांना पाणी पाजत होत्या. ऊन मी म्हणत होतं. मामा खोलीच्या दारात पाठ करून बसले होते. मामी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या, मुकादमाला, प्रत्येक मजुराला: "माती व्हाळात टाकू नको रे बाबा. बाजूक टाक. पावसात सगळी खाली येतली." मजूर हो हो म्हणायचे. संध्याकाळी ते गेले तेव्हा तिन्ही मेरांची माती घळीतच ढीग घालून ठेवलेली होती. मामा-मामींनी पुढचे कितीतरी दिवस घमेल्याने ती उचलून बाजूला टाकली. दोघांच्या हातांनी किती उचलून होणार? मी एक दिवस मदतीला गेले होते. एक दिवस.

जुलैत तीन दिवस पाऊस थांबला नाही. रविवारची सकाळ होती. मी मीनूची वेणी घालत होते. मागे काहीतरी घरंगळल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ मागच्या दाराच्या फटीतून लाल पाणी आत आलं. पाणी म्हणायचं, पण ते कालवलेल्या पिठासारखं दाट होतं. मीनूला पलंगावर उभं केलं, आणि बघता बघता पलंगाचे पाय दिसेनासे झाले. मागची भिंत एका जागी कलली. गटार कुठे आणि अंगण कुठे, काही कळत नव्हतं.

वर मामींच्या खोलीची घळीकडची भिंत पडली होती. मामा तिच्याजवळ बसले होते. भिंतीला तडा जातानाचा आवाज त्यांना ऐकू आला नाही. मामी ओरडल्या, तोही ऐकू आला नाही. शेजाऱ्यांनी त्यांना दगडांखालून ओढून काढलं. जीव वाचला, पण पाय मांडीपासून मोडला होता. हॉस्पिटलात पायाला वजन बांधून त्यांना महिनाभर पाठीवर निजवून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला. मी घरात झाडू घेऊन चिखल लोटत होते आणि तो होता तिथेच परत येत होता. दारात मामी येऊन उभ्या राहिल्या. हातात फावडं आणि घमेलं. त्यांच्या स्वतःच्या खोलीला एका बाजूला ताडपत्री लावलेली होती, नवरा हॉस्पिटलात होता.

"झाडून जायचो नाय तो," त्या म्हणाल्या. "सुकाच्या आदी काढूक होयो. पाटी घेवा."

दोन तास आम्ही चिखल काढला. त्या भरायच्या, मी नेऊन टाकायची. शेवटी मला राहवलं नाही. हातातली पाटी खाली ठेवून मी म्हटलं, "मामी, तो पहिला अर्ज…"

"माका तेवाच कळला," मामी म्हणाल्या. फावडं थांबलं नाही. "वळणां दोनी कागदांवर सारखीच होती. वाचूक येत नाय, पण डोळे असत मा माका."

मी खाली ठेवलेली पाटी पुन्हा उचलली. मामींनी घमेलं भरलं, कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या आणि पलंगावर चित्रं काढत बसलेल्या मीनूकडे बघितलं.

"चेडू बरा असा मा आता?" त्यांनी विचारलं. "परत ताप नाय ना इलो?"

मला आजही वाटतं, त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. रागावलेल्या माणसाची माफी तरी मागता येते. मी "बरी आहे" म्हटलं. मामींनी मान हलवली आणि पुढचं घमेलं भरायला घेतलं.

त्याच पावसाळ्यात, तळं नसताना, आमच्या इमारतीत पुन्हा सहा जणांना मलेरिया झाला. तपासायला आलेल्या माणसाने गच्चीवर जाऊन आमच्याच पाण्याच्या टाकीचं फुटकं झाकण उचललं आणि आत डासांच्या अळ्या दाखवल्या. चेअरमननी नवीन झाकण बसवलं. त्याबद्दल कुणी भाषण केलं नाही.

गणपतीच्या चार दिवस आधी मामी निरोप घ्यायला आल्या. मामा घरी आले होते, कुबड्या घेऊन. "चतुर्थीक गावाक जातंव," त्या म्हणाल्या. कोकणातली सगळीच माणसं जातात, मला काही वेगळं वाटलं नाही. मीनूच्या हातात त्यांनी एक पेरू ठेवला. मी म्हटलं, "लवकर या. दिवाळीनंतर आपण दोघी मिळून मेर घालू. परवानगीचं मी बघते." त्या हसल्या.

त्या परत आल्याच नाहीत. दिवाळीत मी वर गेले तर खोलीत दुसरं कुटुंब होतं, मामांच्या भावकीतलं. त्यांनी सांगितलं की मामांना आता डोंगर चढवत नाही, दोघं तिकडेच राहणार. पत्ता विचारावा म्हणून चार दिवसांनी पुन्हा गेले, तर तेही खोली सोडून नाहूरला कुठेतरी गेले होते. मामींना पत्र लिहायचं तर गावाचं नाव हवं. इतक्या वर्षांत मी त्यांना ते विचारलं नव्हतं. त्यांना माझ्या मुलीचा कुठला दात कधी पडला ते माहीत होतं, आणि मला त्यांच्या गावाचं नाव माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या मे महिन्यात मी परवानगी आणली. सोसायटीतल्या आम्ही तीन बायका आणि वॉचमन, असे चौघे सुट्टीभर वर जात होतो. तळाला दगड घातले, मध्ये माती चोपली, माथ्यावर गवत लावलं, कडेला पाण्याला वाट ठेवली. मला आठवत होतं तसं सगळं केलं. कमरेइतकी मेर उभी राहिली तेव्हा आम्ही वर बसून भेळ खाल्ली.

जुलैतल्या पहिल्या मोठ्या पावसात ती चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी दुपारी मी छत्री घेऊन वर गेले. मध्यावर, बुडापाशी, मुठीएवढ्या भोकातून लाल पाण्याची धार सुटली होती. मी दगड लावला. दगडाच्या बाजूने दुसरी धार सुटली. चिकणमाती कुठली आणायची, डोंगराच्या कुठल्या अंगाची, किती ओली असताना चोपायची, हे मामींना विचारायचं राहून गेलं होतं. भोक माझ्या डोळ्यांदेखत वाढत गेलं. मग मधला भाग खचला आणि थांबलेलं सगळं पाणी एकदम खाली निघालं.

मी छत्री मिटली, चपला हातात घेतल्या आणि घसरत घसरत खाली उतरले. मीनू घरात एकटी होती, आणि मागच्या दाराला वाळूची पोती लावायची होती.